‘सुनेवर प्रयोग करून राहिले काय?’

या महिन्याच्या पत्रांमध्ये तीन पत्रं एकाच विषयाची निघाली, सरकारी दवाखान्यातल्या रिसर्चची. म्हणून हा अंक त्यांनाच दिला, बाकीच्यांना पुढच्या वेळी नक्की उत्तर देते. बीपीच्या गोळ्यांचं विचारणाऱ्या काकांना एवढंच सांगते, तोवर गोळी बंद करू नका.

प्रश्न : ताई, आम्ही कुही तालुक्यातले. सुनेला तिसरा महिना लागला, पहिलटकरीण आहे. मागच्या हप्त्यात आशाताईसोबत एक बाई आल्या, रिसर्चवाली आहो म्हणे. नाव, वय, वजन सारं लिहून नेलं अन् चार पानांचा कागद देऊन गेल्या, वाचून विचार करून सही करा म्हणे. एक गोळी आहे, अर्ध्या बायांना खरी भेटते अन् अर्ध्यांना खोटी, कोणाला कोणती ते त्या बाईलाही माहीत नसते. पोरगा म्हणते करून टाक सही, फुकटात सोनोग्राफी होते. मला तं रात्री झोप लागत नाही. गरीब आहो, सरकारी दवाखान्यात जातो, म्हणून आमच्या सुनेवर प्रयोग करून राहिले काय?

उत्तर : मावशी, प्रयोगच आहे तो, मी काही गोड करून सांगणार नाही. पण तुमच्या मनात जो प्रयोग आहे ना, म्हणजे न विचारता काहीतरी खाऊ घालायचं अन् काय होतं ते बघायचं, तो हा नव्हे. तसा तो नाही ना, हे तपासायला म्हणून तर ती चार पानं तुमच्या घरी ठेवून गेल्या त्या. सही लगेच मागितली नाही, विचार करा म्हणाल्या, ही मला चांगली खूण वाटते.

आधी त्या खोट्या गोळीचं सांगते. तिला प्लासिबो म्हणतात, दिसायला अगदी सारखी, पाकीटही सारखं, आत औषध नाही. कोणाला कोणती जाईल ते कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो. कारण असं की सिस्टरला जर माहीत असलं की हिला खरी गोळी सुरू आहे, तर ती नकळत तिच्याकडे दोनदा जास्त जाईल, तिचा बीपी जरा नीट बघेल, मग बाळ चांगलं झालं ते गोळीमुळे की सिस्टरमुळे, कळणार कसं? आणि खोटी गोळी मिळाली म्हणजे बाई वाऱ्यावर सोडली असं नसतं, तपासण्या, लोहाच्या गोळ्या, बाळंतपण हे सगळं दोघींना सारखंच मिळायला हवं. मिळणार आहे का, हे त्या कागदात शोधा.

आपल्या नागपूरकडच्या खेड्यापाड्यात असे मोठे अभ्यास आधीही झालेत. पहिलटकरणींना कमी डोसची ॲस्पिरिन, रोज ८१ मिलिग्रॅम, पहिल्या तीन महिन्यांतच सुरू करायची असा एक अभ्यास होता. सहा देशांतल्या मिळून ११,९७६ बायका, आपल्या देशातून बेळगाव आणि नागपूर ही दोन ठिकाणं होती, निकाल २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या डॉक्टरी मासिकात छापून आला. दिवस भरायच्या आधी बाळंत होणाऱ्या बायका ॲस्पिरिनवाल्यांत शंभरात ११.६ होत्या आणि दुसऱ्या गटात १३.१. फरक एवढुसा वाटतो, पण हजार बाळंतपणांमागे पंधरा बायका अधुऱ्या दिवसांत बाळंत होण्यापासून वाचल्या, तेही एवढ्या स्वस्त गोळीने. हे वाचून सुनेला मनाने ॲस्पिरिन देऊ नका हं, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

पण तुमचा खरा प्रश्न ‘आमच्यावरच का’ हा आहे, आणि त्यासाठी तुम्हाला दुसऱ्या एका अभ्यासाचं सांगायलाच पाहिजे.

अधुऱ्या दिवसांचं बाळ होणार असं दिसलं की आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, बाळाची फुफ्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून. मोठ्या देशांतल्या मोठ्या दवाखान्यांत त्याचा फायदा कधीचाच सिद्ध झालेला होता. मग साहजिकच वाटलं की हेच गावोगावच्या केंद्रांत, सिस्टर-दाईपर्यंत पोचवलं तर किती बाळं वाचतील. कोणालाही हेच वाटलं असतं, मलाही वाटलं होतं. सहा देशांत २०११ ते २०१४ मध्ये करून बघितलं, त्यातही बेळगाव आणि नागपूर होते, जवळपास एक लाख बाळंतपणं मोजली. आणि निघालं काय, तर जिथे इंजेक्शन पोचवलं त्या भागात पहिल्या २८ दिवसांत दगावणारी बाळं कमी झालीच नाहीत, उलट हजारामागे साडेतीनने वाढली, इन्फेक्शन झाल्याचा संशय असलेल्या बाळंतिणीही जास्त निघाल्या. गावात दिवस नक्की किती भरले ते सोनोग्राफीशिवाय कळत नाही, त्यामुळे इंजेक्शन घेतलेल्या पुष्कळ बायकांची बाळं पूर्ण दिवसांचीच निघाली, ज्यांना त्याची गरजच नव्हती. पुढे २०२० मध्ये पाच देशांतल्या २९ दवाखान्यांतून दुसऱ्या अभ्यासाचा निकाल आला. तिथे सोनोग्राफीने दिवस पक्के केलेले होते, नाजूक बाळाला सांभाळायची सोय होती, तिथे त्याच इंजेक्शनने बाळं वाचली. औषध तेच, जागा वेगळी.

आता विचार करा मावशी, गावात कोणी मोजलंच नसतं तर काय झालं असतं? सरकारी हुकूम निघाला असता, पेट्या भरून इंजेक्शनं आली असती, सगळ्यांनी चांगल्या मनाने टोचली असती आणि त्यापायी दगावलेली बाळं कोणाला कधी दिसलीच नसती. म्हणून मी म्हणते की आपल्यासाठीचं औषध आपल्याच पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, आपल्याच बायकांमध्ये तपासलं गेलं पाहिजे. दिल्ली-मुंबईच्या एसी वॉर्डात लागू पडलं म्हणून कुहीत लागू पडेलच असं नाही.

फक्त ते विचारून झालं पाहिजे. इथे मी जराही सूट देत नाही, आणि त्याला कारण आहे. फार वर्षांपूर्वी मी नवीन होते, एका पीएचसीत गेले तर व्हरांड्यात बायकांची लाइन लागलेली, टेबलावर निळं स्टॅम्प पॅड, आणि एक जण एकेकीचा हात धरून म्हणत होती, ‘इथं अंगठा लाव, रक्त तपासायचं आहे’. कागद संमतीचा होता, अभ्यासाचा. एकीलाही वाचून दाखवला नव्हता. एका म्हातारीने शाई पुसायला जागा शोधली आणि शेवटी स्वतःच्या पदरालाच बोट पुसलं. मी त्या दिवशी बोलले नाही, दुसऱ्या दिवशी बोलले. ते सगळे कागद रद्द झाले, पण तो एक दिवस गप्प राहिले ते अजून सलतं.

तर सुनेसाठी हे बघा. कागद मराठीत पाहिजे आणि तो तिला समजला पाहिजे, तुम्हाला किंवा पोराला समजून भागत नाही कारण सही तिची आहे. वाचता येत नसेल तर त्या रिसर्चवाल्यांशी संबंध नसलेला एक साक्षीदार समोर बसवून सगळं वाचून दाखवावं लागतं. सहीची एक प्रत तुमच्या घरी राहते. कागदावर डॉक्टरचा आणि एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो, तो आजच लावून बघा, उचलतात का. एथिक्स कमिटी म्हणजे अभ्यास सुरू व्हायच्या आधी त्याला परवानगी देणारे लोक, त्यात कमीत कमी सात जण असतात, अध्यक्ष त्या संस्थेच्या बाहेरचा असावा लागतो आणि डॉक्टर नसलेला एक साधा माणूसही त्यात लागतो, तुमच्या-आमच्यासारखा. आणि सीटीआरआयचा नंबर विचारा, ती आपल्या देशातल्या ट्रायलची, म्हणजे अशा अभ्यासांची, सरकारी नोंदवही आहे, २००९ पासून तिथे नोंद केल्याशिवाय ट्रायल सुरू करता येत नाही. नेटवर कोणालाही बघता येते, पोराला सांगा मोबाइलवर काढून दाखव.

नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, कारणही सांगायची गरज नाही. मधूनच सोडलं तरी चालतं. त्यामुळे तिची तपासणी किंवा बाळंतपण कोणी अडवू शकत नाही. आणि पोराला सांगा, फुकट सोनोग्राफीसाठी सही करायची नसते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, तपासण्या, गाडी हे २०११ पासून फुकटच आहे, आणि चौथा महिना लागला की दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून तपासणीही होते. ते तिच्या हक्काचं आहे, सही केली तरी आणि नाही केली तरी.

माझं मत विचाराल तर कागद नीट असेल आणि सून स्वतः हो म्हणत असेल तर होऊ द्या. पण ती हो म्हणतेय का, हे तिला एकटीला बसवून विचारा.

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा, सिकलसेल एसएस (रक्ताचा आजार, एसएस म्हणजे त्याचा पूर्ण प्रकार). हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल सुरू आहे, आता बरं आहे, आधी महिना-दीड महिन्याला ॲडमिट करावं लागायचं. नव्या औषधाच्या ट्रायलसाठी विचारलं आहे. खोटं औषध मिळालं तर? आणि काही झालं तर जबाबदार कोण? — एक वडील, उत्तर नागपूर

उत्तर : दादा, पहिला प्रश्न हाच विचारा की हायड्रॉक्सियुरिया सुरू राहणार का बंद करणार. बऱ्याच अभ्यासांत चालू उपचार तसाच ठेवून त्यावर नवीन औषध किंवा प्लासिबो देतात, तसं असेल तर बोलणं पुढे न्या. बंद करायचं म्हणत असतील तर ते का, हे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांसमोर बसून समजून घ्या, आणि पटलं नाही तर सरळ उठून या. मुलगा आज बरा आहे, ही छोटी गोष्ट नाही.

‘खोटं औषध’ म्हटलं की पोटात गोळा येतो, मला कळतं. पण तुमच्या पोराची आजची कॅप्सूल कुठून आली बघा. अमेरिका-कॅनडात सिकलसेलच्या २९९ मोठ्या माणसांवर अभ्यास झाला, काहींना हायड्रॉक्सियुरिया, काहींना प्लासिबो. दुखण्याचे झटके वर्षाला साडेचारवरून अडीचवर आले, फरक इतका स्पष्ट की अभ्यास मुदतीआधीच थांबवला, १९९५ ची गोष्ट. त्यातल्या प्लासिबो घेणाऱ्या लोकांचे उपकार आपल्या विदर्भातल्या कितीतरी घरांवर आहेत.

दुसरी बाजूही सांगते. व्हॉक्सेलोटर नावाचं सिकलसेलचं औषध अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं, सगळ्यांना केवढी आशा होती, आणि २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून परत घेतलं कारण झटके आणि मृत्यू यांचे आकडे काळजीचे दिसले. म्हणून नवीन आहे म्हणजे भारीच असणार असं समजून जाऊ नका.

जबाबदारीचं ट्रायलसाठीच्या २०१९ च्या सरकारी नियमांत स्पष्ट आहे. ट्रायलमध्ये त्रास झाला तर उपचार फुकट, आणि तो ट्रायलमुळे झाला असं ठरलं तर भरपाई. गंभीर काही झालं तर डॉक्टरला २४ तासांत वर कळवावं लागतं. जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी मागायला लाजू नका, ती देता येते.

आणि मुलगा १४ चा आहे. तुमची सही लागतेच, पण बारा वर्षांच्या पुढच्या मुलाची स्वतःची लेखी तयारीही घ्यावी लागते. तो नको म्हणाला तर ऐका त्याचं, झटका त्याने सोसलाय.

प्रश्न : मॅडम, मी रामटेककडच्या एका उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. आमचं काम आधीच डोक्यावरून चाललंय, त्यात रिसर्चचे फॉर्म. तीन वर्षं भरून राहिलो, निकाल काय लागला कोणी सांगितलं नाही. वरून महिना संपला की म्हणतात राहिलेले रकाने भरून टाका. काय करू?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. राग बरोबर आहे तुमचा.

आपल्या आशाताया बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात ना, त्यामागे गडचिरोलीचा अभ्यास आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली, आणि तिसऱ्या वर्षी बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी दिसले. १९९९ मध्ये छापून आलं आणि २०११ पासून देशभर आशांच्या कामात आलं. किती आशांना हे माहीत आहे? माझ्या अनुभवात फार थोड्या. त्यांना रजिस्टर दिलं, हे सांगितलं नाही. तसंच ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या एका अभ्यासाचं. कळा सुरू झाल्यावर एकदाच २ ग्रॅम, २९,२७८ बायका, नागपूरही त्यात होतं, आईला सेप्सिस (अंगभर पसरलेलं गंभीर इन्फेक्शन) किंवा मृत्यू २.४ टक्क्यांवरून १.६ वर आला, २०२३ मध्ये निकाल लागला. ज्या सिस्टरांनी रात्री दोन वाजता फॉर्म भरले त्यांना हा आकडा सगळ्यात आधी कळायला हवा, पेपरवाल्यांच्याही आधी. तुम्ही पुढच्या मासिक सभेत लेखी मागा, मेडिकल ऑफिसरच्या सहीने, की तीन वर्षांच्या कामाचा निकाल मराठीत एका पानावर द्या आणि गावात वाचून दाखवा. कामाच्या तासांचंही त्याच पत्रात लिहा.

पण रकाने मागून भरू नका, कोणीही सांगितलं तरी. मी असं रजिस्टर बघितलेलं आहे, पानभर सगळ्या बायांचा बीपी ११०/७०, एकीचाही १०८ नाही की १२४ नाही, शाईसुद्धा एकाच पेनची. वर मावशींना सांगितलेला तो हजारी साडेतीनचा फरक सापडला तो अशाच उपकेंद्रांतल्या नोंदींमधून, कोणीतरी प्रत्येक बाळाचं खरं खरं लिहिलं म्हणून. तिथे अंदाजाने भरलं असतं तर तो फरक त्या आकड्यांत बुडून गेला असता. मोजलं नसेल तर ‘मोजलं नाही’ लिहा, मशीन बंद होतं तर तसं लिहा. चुकलं तर व्हाइटनर नको, गिरवायचंही नाही, एक आडवी रेघ मारा म्हणजे जुना आकडा वाचता येईल, बाजूला बरोबर आकडा, तुमची सही आणि त्या दिवशीची तारीख. सुपरवायझर पुन्हा म्हणाले तर त्यांना म्हणा, एवढं लिहून द्या.