वाचक विचारतात : सीटवरून उचलणारा उंचवटा आणि मांडीवरचा दांडा

संक्रांत जवळ आली, सोलापुरात होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेचे पाळणे उभे राहू लागले की या सदराकडे पाळण्यांचे प्रश्न येतात. यंदा निम्म्या पत्रांत विषय निघाला तो परदेशातल्या लाकडी रोलर कोस्टरचा. मोबाइलवरच्या व्हिडिओंची कृपा. काही प्रश्न एकसारखे होते, ते एकत्र केले आहेत.

व्हिडिओत गाडी उंचवट्यावरून जाताना माणसे सीटवरून चक्क उचललेली दिसतात. गुरुत्वाकर्षण तर खाली ओढते, मग वर ढकलते कोण? आणि ‘उणे एक जी’ म्हणजे नेमका किती जोर?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, अशोक चौक

वर कोणीच ढकलत नाही. गाडी रुळाला जखडलेली असते, तुम्ही नसता. उंचवट्याच्या माथ्यावर रूळ खाली वळतो आणि गाडीला सोबत नेतो. फेकलेला चेंडू ज्या वाटेने खाली आला असता तीच तुमच्या शरीराची वाट. रूळ त्या वाटेपेक्षा लवकर खाली वळला, तर सीट तुमच्याखालून निघून जाते. यालाच एअरटाइम म्हणतात. अशा वेळी तुम्हाला खाली घेऊन जाते ती सीट नव्हे, मांडीवरचा दांडा, म्हणजे लॅप बार.

आता आकडे. माथ्यावर लागणारे त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले माथ्याच्या गोलाईची त्रिज्या. वेग सेकंदाला २० मीटर (ताशी ७२ किलोमीटर) आणि माथ्याची त्रिज्या ४० मीटर असेल, तर उत्तर १० येते. हे जवळजवळ गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतकेच (ते ९.८, त्यालाच एक ‘जी’ म्हणतात), म्हणून वजन शून्य आणि माणूस तरंगतो. तोच वेग ठेवून त्रिज्या २० मीटर केली की उत्तर २० येते आणि वजन होते उणे १.०४ जी. तुमचे वजन ७० किलो असेल, तर दांड्याला सुमारे ७३ किलोच्या जोराने तुम्हाला खाली दाबून धरावे लागते. पहिल्या प्रकाराला शौकीन ‘फ्लोटर’ म्हणतात, दुसऱ्याला ‘इजेक्टर’.

खरी मेख पुढे आहे. वेग दहाच टक्क्यांनी वाढून २२ झाला, तर त्याच माथ्यावर उणे १.४७ जी होते आणि दांड्यावरचा जोर १०३ किलोवर जातो. वेगाचा वर्ग घ्यायचा आणि त्यातून गुरुत्वाकर्षण वजा करायचे असल्याने दहा टक्क्यांची वाढ जोरात चाळीस टक्के होऊन उतरते. लाकडी कोस्टरचा वेग दिवसभर एकसारखा राहतही नाही. सकाळी बेअरिंगमधले ग्रीस गार आणि घट्ट असते, दुपारपर्यंत ते पातळ होते. रूळ ओला झाला की घर्षण आणखी कमी होते. भरलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षा वेगाने जाते. म्हणून माथ्याचा आकार आणि दांड्याची ताकद ठरवताना सरासरी गाडी धरून चालत नाही, सर्वांत वेगवान गाडीच धरावी लागते.

अमेरिकेतील इंडियाना राज्यातले ‘द व्हॉयेज’ (२००६) एका फेरीत एकूण सुमारे २४ सेकंदांच्या एअरटाइमसाठी प्रसिद्ध आहे. हे सगळे सेकंद सलग नसतात. एकेका माथ्यावर सेकंद-दीड सेकंद, असे तुकडे जोडून तो आकडा होतो. उणे त्वरणाची तीव्रता आणि त्याचा कालावधी यांचा विचार एकत्र करायचा असतो. क्षणभर चालणारा जोर शरीर सोसते, तोच लांबला तर रक्त डोक्याकडे चढते.

मी सुतारकाम करतो. लाकूड सुकते, फुगते, खिळा सैल होतो. ताशी शंभर किलोमीटरच्या गाडीखाली लाकडाचा रूळ टिकतो कसा? आणि गाडी रुळावरून उडत का नाही?
— एक वाचक, शेळगी

दुसरे आधी. प्रत्येक चाकजोडीत तीन प्रकारची चाके असतात. वरची चाके भार घेतात, बाजूची दिशा देतात आणि खालची चाके रुळाच्या कडेखाली अडकलेली असतात. एअरटाइमच्या वेळी गाडीसुद्धा उचलली जाऊ पाहते, तेव्हा ही खालची चाके तिला धरून ठेवतात. एरवी त्यांच्यात आणि रुळात थोडी फट असते. जॉन मिलर या अमेरिकी रचनाकाराने १९१९मध्ये या रचनेचे पेटंट घेतले आणि तिथून कोस्टरचा इतिहासच बदलला. त्याआधीच्या गाड्यांना खालची चाके नव्हती, त्यामुळे उंचवटे मवाळच ठेवावे लागत. पेनसिल्व्हेनियातील १९०२चे ‘लीप-द-डिप्स’ त्या जुन्या पद्धतीचा नमुना आहे.

आता लाकूड. रूळ म्हणजे एक अखंड तुळई नव्हे. साधारण दीड-दोन इंच जाडीच्या फळ्यांचे सात-आठ थर एकावर एक, सांधे मागे-पुढे ठेवून बसवलेले असतात. वरचे थर खालच्यांपेक्षा रुंद. त्यामुळे जी कड बाहेर येते तिच्याखाली ती तिसरी चाके फिरतात. चाक जिथे जिथे टेकते तिथे पोलादी पट्टी ठोकलेली असते, चाक थेट लाकडावर चालत नाही. लाकूड बहुधा पाइनचे, जंतू-बुरशीरोधक द्रावण दाबाने आत मुरवलेले. सागवान का नाही, असे तुम्ही विचाराल. पाइन स्वस्त पडते, द्रावण चांगले पिते आणि दर वर्षी उखडून बदलायला परवडते. बदलायचेच आहे हे इथे सुरुवातीपासून गृहीत धरलेले असते. गाडी जाताना सांगाडा थोडा हलतोही. त्याला तसेच रचलेले असते, न हलणारा सांधा आधी फुटतो.

बिघाड सुरू होतो तो बहुतेक दरीत, म्हणजे उताराच्या तळाशी. तिथे गाडीचे वजन तिपटीच्या आसपास जाते. बोल्ट सैल होतात, थरांमध्ये फट पडते, पट्टीला तडा जातो आणि रुळात खळगा तयार होतो. एकदा खळगा पडला की प्रत्येक फेरीचा हातोडा तिथेच बसतो. म्हणून रोज सकाळी देखभालीची माणसे पूर्ण रुळावरून चालत जातात, बोल्ट आवळतात, पट्टी आणि थर तपासतात. मग रिकामी गाडी फिरवली जाते, नंतरच माणसे बसतात. हिवाळ्यात करमणूक उद्यान बंद असताना झिजलेल्या भागांचे थर नव्याने बसवले जातात.

हे कुठवर जाऊ शकते त्याचे उदाहरण ओहायोतल्या ‘सन ऑफ बीस्ट’चे. २०००मध्ये सुरू झालेल्या, दोनशे फुटांहून उंच असलेल्या या लाकडी कोस्टरच्या सांगाड्यातला एक भाग जुलै २००६मध्ये तुटला आणि रुळात खळगा पडला. गाडी रुळावरून उतरली नाही, कोणी बाहेरही फेकले गेले नाही, तरी त्या आदळण्याने २७ जण जखमी झाले. हे कोस्टर २००९मध्ये बंद पडले आणि २०१२मध्ये पाडले. माणूस उचलला जाणे हे आखलेले असते. हाडे मोडतात ती न आखलेल्या धक्क्यांनी.

कारखान्यात यंत्राने कापलेल्या, चिकटवून एकसंध केलेल्या थरांचा रूळ हा नवा उपाय. जर्मनीचे ‘कोलोसोस’ (२००१), स्वीडनचे ‘बाल्डर’ (२००३), न्यू जर्सीचे ‘एल तोरो’ (२००६) आणि दक्षिण कोरियाचे ‘टी एक्स्प्रेस’ (२००८) त्यावर चालतात. अचूकपणा इतका की प्रवास पोलादी कोस्टरसारखा गुळगुळीत होतो, म्हणून एअरटाइमही जास्त कडक देता येतो. पण झीज कोणालाच चुकलेली नाही. कोलोसोस २०१६मध्ये रुळाच्या झिजेमुळेच बंद ठेवावे लागले आणि दुरुस्तीनंतर २०१९मध्ये सुरू झाले.

मुलगी सिनसिनाटीला असते. उन्हाळ्यात जाणार आहोत. नातू म्हणतो, आजोबा, ‘द बीस्ट’मध्ये बसायचंच. वय ६४, रक्तदाबाची गोळी चालू, पोट बरेच सुटलेले. बसावे का?
— निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

किंग्ज आयलंड उद्यानातले ‘द बीस्ट’ १९७९पासून चालू आहे आणि सव्वादोन किलोमीटरच्या आसपास लांबीचे आहे. लाकडी कोस्टरांत सर्वांत लांब तेच. बसावे की नाही हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, पण नुसते ‘पाळण्यात बसू का’ असे विचारू नका. मान आणि पाठ हादरवणारे धक्के, काही क्षण वजन तिप्पट आणि काही क्षण शून्याखाली, असे सांगून विचारा. हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, मानेच्या मणक्यांची झीज, डोळ्याच्या पडद्याची किंवा अलीकडची कोणतीही शस्त्रक्रिया, रक्त पातळ करणारी औषधे यांपैकी काही असेल, तर आम्ही ‘खाली उभे राहून नातवाला हात हलवा’ असेच म्हणू. गरोदर स्त्रियांनी तर विचारायचेही कारण नाही.

पोटाचा मुद्दा तुम्ही स्वतःहून लिहिलात ते बरे केले, कारण लोक तोच लपवतात. लॅप बार मांड्यांच्या वरच्या भागावर, जांघेजवळ टेकला पाहिजे. पोट मोठे असेल तर दांडा आधी पोटाला अडतो आणि मांडीवर फट राहते. बसलेले असताना घट्ट वाटते, पण पोट मऊ असते. शरीर उचलले गेले की ते दबते आणि मांड्या वर सरकतात. न्यूयॉर्क राज्यात २०११मध्ये एका पोलादी कोस्टरमधून दोन्ही पाय गमावलेला माजी सैनिक फेकला गेला आणि मरण पावला. दांडा धरून ठेवतो तो मांड्यांना. जिथे मांडी नाही किंवा दांडा मांडीपर्यंत पोचत नाही, तिथे त्याचा उपयोग नाही.

बऱ्याच उद्यानांत मोठ्या कोस्टरच्या प्रवेशाशी एक नमुन्याची सीट ठेवलेली असते. रांगेत तासभर उभे राहण्याआधी तिच्यात बसून बघा. कंबर सीटच्या पाठीला टेकवून बसा, खिशातला मोबाइल आणि पाकीट काढा, झब्बा मांडीवर गोळा होऊ देऊ नका, आधी बेल्ट लावा, मग दांडा खाली ओढा. कर्मचाऱ्याने दांडा वर ओढून पाहिला की राग मानू नका, तो त्याचे काम करतो आहे. दात्यांच्या कुलपाचा दांडा एकेक ‘टक’ करत बसतो आणि वाटेत धक्क्याने आणखी एक दाता खाली जाऊ शकतो. म्हणून प्रवासात त्यावर हाताने जोर देऊ नका, उतरेपर्यंत मांड्या दुखतील. हे कुलूप स्प्रिंगने बंद राहते आणि उघडायला जोर लागतो, त्यामुळे वीज गेली तरी दांडा सुटत नाही.

बेल्ट सैल करून उभे राहणाऱ्यांबद्दलही कोणी विचारले आहे. इंडियानातल्याच ‘द रेव्हन’वर २००३मध्ये शेवटच्या डब्यातली एक स्त्री उतारावर बाहेर फेकली जाऊन मरण पावली. तपासात बेल्ट आणि दांडा दोन्ही चालू स्थितीत सापडले, बेल्ट मात्र सोडलेला होता. ती जवळपास उभी राहिलेली एका साक्षीदाराने पाहिली होती.

पुढची सीट चांगली की मागची?
— तीन वाचक

उचलले जायचे असेल तर मागची. एसटीच्या मागच्या बाकावर गतिरोधकाला बसतो तसा दणका इथेही मिळतो, पण कारण वेगळे. एसटीचा मागचा भाग चाकाच्या मागे लोंबतो. कोस्टरमध्ये पुढचे डबे माथा ओलांडून उताराला लागलेले असतात आणि शेवटच्या डब्याला माथ्यावरून खेचून नेतात, म्हणजे माथ्यावर त्याचा वेग जास्त असतो. पहिल्यांदा बसणाऱ्यांनी मधला डबा घ्यावा. डब्यातही थेट चाकावरची रांग टाळली, तर पाठीला कमी मार बसतो.

गड्ड्यात लाकडी कोस्टर नाही, पण कोलंबस आणि ड्रॅगन आहेत. मुलांना बसवण्याआधी आपण काय पाहू शकतो?
— एक पालक, विजापूर वेस

कोलंबस नावेला हलके समजू नका. ती टोकाला पोचते तेव्हा शेवटच्या रांगेतल्या माणसाचे वजन जवळपास नाहीसे होते, आणि तेही दर झोक्याला. म्हणून लहान मुलांना मधल्या रांगेत बसवा, तिथे झोका सौम्य असतो.

सगळ्यात महत्त्वाचे, रांगेला एकच दांडा आहे का ते बघा. सामाईक दांडा सगळ्यात जाड मांडीवर अडतो. बाबांच्या मांडीला टेकला की शेजारच्या सात वर्षांच्या मुलाच्या मांडीवर वीतभर फट राहते. मूल त्यातून सहज वर निघते. त्यामुळे मुलाला त्याच्याच अंगकाठीच्या भावंडाशेजारी बसवा. दांडा त्याच्या मांडीला टेकत नसेल तर बसवूच नका, तिकीट फुकट गेले तरी चालेल. मुलाला मांडीवर घेऊन हाताने धरणे तर मुळीच नको. वजन उणे एक जी झाले, की २० किलोचे मूल २० किलोच्याच जोराने वर जाऊ पाहते, तेही अचानक. तो झटका हाताला पेलत नाही.

मग दांड्याच्या कुलपाकडे बघा. पिनेला तिची स्प्लिट पिन (पीन निसटू नये म्हणून घालायची छोटी खीळ) आहे का, की तारेचा तुकडा किंवा सुतळी गुंडाळली आहे? तारेने बांधलेले दिसले तर तो पाळणा सोडून द्या. दांडा बंद झाल्यावर वर ओढा, अर्ध्या इंचापेक्षा जास्त खडखडत असेल तर दुसरी जागा मागा. पाळण्याच्या पायांखालचे लाकडी ठोकळे पाळणा फिरताना सरकतात का, हे दूरवरूनही दिसते. एक पूर्ण फेरी बाहेर उभे राहून बघायला पाच मिनिटे लागतात. चालवणारा माणूस प्रत्येक दांडा हाताने तपासतो की पैसे गोळा करून थेट खटका ओढतो, तेही त्यात कळते.

ओढणी गळ्याभोवती न ठेवता कमरेला बांधा, पदर खोचा, मोकळे केस वर बांधा. फिरत्या भागात केस किंवा ओढणी अडकून होणाऱ्या दुखापती भयंकर असतात. चप्पल खालीच काढून ठेवा.

उंचीची अट का? माझी मुलगी दहा वर्षांची आहे, तरी नाकारले.
— एक वाचक, होटगी रोड

दांडा वय पाहत नाही. मांडीची लांबी, पाय जमिनीला टेकतात का आणि पाठ टेकवून बसल्यावर गुडघे सीटच्या कडेबाहेर येतात का, एवढेच त्याला कळते, आणि या तिन्हींचा सोपा अंदाज उंचीवरून येतो. बीस्टसाठी किमान उंची ४८ इंच, म्हणजे १२२ सेंटिमीटर आहे. मोजताना जाड तळव्याचे बूट घालून पाठवू नका. मुलगी आत शिरेल, पण तिच्या मांड्या तेवढ्याच राहतील.