1994 पूर्वी लग्न झालेल्या मुलीला वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा मिळतो का?

तुमचे लग्न 1992 मध्ये झाले असल्याने वडिलोपार्जित जमिनीत तुमचा हक्क नाही असे भाऊ म्हणतो, ते खरे का, आणि हिस्सा मागितला तर माहेर तुटते का, असे तुम्ही विचारले आहे. भावाचे म्हणणे आज खरे नाही. एके काळी मात्र ते बऱ्याच अंशी खरे होते आणि त्याची झळ मला लागलेली असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वारसा दिला, पण एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हक्क मुलाचाच ठेवला. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलीलाही सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हिस्सेदार, केले, केंद्राच्या अकरा वर्षे आधी, आणि त्याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले होते, हे सहसा कोणी सांगत नाही. माझे लग्न मे 1993 मध्ये झाले आणि धाकट्या बहिणीचे त्याच्या पुढच्या वर्षी डिसेंबरात.

दिवे घाटापलीकडे आमची चार एकर जिरायत जमीन आहे, म्हणजे 160 गुंठे. वडील 2002 मध्ये गेले तेव्हा मागे आई, भाऊ आणि आम्ही दोघी राहिलो. त्या वेळच्या कायद्याने हिशेब केला तर वडील, आई, भाऊ आणि धाकटी यांचे 40-40 गुंठ्यांचे चार वाटे, आणि वडिलांच्या वाट्याचे पुन्हा आम्हा चौघांत चार भाग; म्हणजे आई, भाऊ आणि धाकटी यांना प्रत्येकी 50 गुंठे येत होते आणि मला 10, तेही केवळ वडिलांच्या वाट्यातून. वारस नोंदीच्या फेरफारात आम्हा दोघींची नावे ‘इतर हक्क’ या रकान्यात गेली. कब्जेदार म्हणून सातबाऱ्यावर फक्त आई आणि भाऊ होते, आणि यात काही वावगे आहे असे तेव्हा घरात कोणालाच वाटले नाही, मलासुद्धा.

पुढच्या वर्षी भावाने हक्कसोडपत्र तयार करून आणले. तो शिक्षक होता आणि दरवर्षी 3 जानेवारीला सावित्रीबाईंवर भाषण करीत असे. 1848, भिडे वाडा, अंगावर आलेले शेण, हे सारे त्याला तोंडपाठ होते. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून मी तो दस्त वाचला. ‘नैसर्गिक प्रेमापोटी, विनामोबदला, कोणाच्याही दडपणाशिवाय व स्वखुशीने’ असे त्यात लिहिले होते, आणि माझ्या समोर उभा राहून भाऊ तिसऱ्यांदा सांगत होता की साहेब जेवायला जाण्यापूर्वी सह्या झाल्या पाहिजेत. धाकटीने सही केली, अंगठा उठवला आणि शाई रुमालाला पुसली. मी दस्त परत दिला. ‘दहा गुंठ्यांसाठी माहेर सोडतेस?’ असे तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यातला ‘दहा’ हा शब्द मला ‘माहेर’ या शब्दापेक्षा जास्त लागला.

हे काही मी कायदा जाणून केले नव्हते. शाळेत असताना रखमाबाईंची हकीकत वाचली होती, तीच त्या बाकावर आठवत राहिली. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या या मुलीने नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला, आणि नांदा किंवा सहा महिने तुरुंगात जा असा निकाल 1887 मध्ये आला तेव्हा तुरुंग पत्करीन असे सांगितले. पुढे त्या डॉक्टर झाल्या, हे सर्वांना ठाऊक असते. त्यांच्या आईने पुनर्विवाह करताना वडिलांची मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली होती, ही गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. माझ्या मते ती फार महत्त्वाची आहे, कारण नावावर काहीच नसलेल्या बाईला नकार देणे किती महाग पडते हे मी आजूबाजूला पाहिले आहे.

पुढे केंद्राची दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 रोजी लागू झाली आणि विवाहित-अविवाहित हा भेद गेला. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले की त्या दिवशी वडील हयात असले पाहिजेत, म्हणजे मी पुन्हा बाहेर पडले. 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने तीही अट काढून टाकली. त्या दिवशी माझे 10 गुंठ्यांचे 40 झाले, कारण मी सही केलेली नव्हती. भावाला निकाल छापून पाठवला. दोन वर्षे तो बोलला नाही, मग वकिलाच्या नोटिशीनंतर नोंदणीकृत वाटणीपत्र झाले आणि रस्त्यालगतचे 30 गुंठे माझ्या नावे लागले. दावा लावला असता तर कदाचित 40 मिळाले असते, पण वयाच्या सत्तरीपर्यंत तारखा घेत बसण्याची माझी तयारी नव्हती.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत वाटणी किंवा विक्री झाली असेल, तर ती या दुरुस्तीने मोडत नाही. वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने कोणालाही जाऊ शकते. आणि तुम्ही पूर्वीच हक्कसोडपत्र करून दिले असेल, तर फसवणूक किंवा दडपण सिद्ध केल्याशिवाय ते रद्द होणे अवघड असते. माझ्या धाकटीला वकिलांनी हेच सांगितले. म्हणून आधी सातबारा आणि जुने फेरफार काढा, आपले नाव कोणत्या रकान्यात आहे ते पाहा, आणि कागद घेऊन वकिलाकडे जा.

माहेराचे म्हणाल, तर 2020 आणि 2021 या दोन भाऊबिजा चुकल्या. तिसऱ्या वर्षी भाऊ आला, जेवला, आणि ओवाळणीचे पाकीट ताटात ठेवताना, ‘तुला आता याची काय गरज?’ असे म्हणाला. मी पाकीट ठेवून घेतले.