घोड्याची लघवी अडकली, की पोट दुखतंय?

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरे

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. आम्ही सदलग्याजवळचे. चार वर्षांचा घोडा आहे, गाडीच्या शर्यतीला पळवतो. परवा दिवस मावळताना तो मागचे पाय लांब टाकून उभा राहायला लागला. शेपूट उचलायचा, जोर करायचा, पण थेंब नाही. मध्येच बसायचा, उठायचा. गल्लीतले म्हणाले, मूत तुंबलंय, मिरचीची पूड लावा, नाहीतर बाटलीनं तेल पाजा. वडिलांनी कुणाला हात लावू दिला नाही. दोन तासांनी कोरडी, घट्ट लीद टाकली आणि मग गवताला तोंड लावलं. हे काय होतं? परत झालं तर काय करायचं?

उत्तर : आधी तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी घोडा वाचवला.

तुमच्या घोड्याची लघवी अडकलेली नव्हती, त्याचं पोट दुखत होतं. पोटात कळ आली की घोडा असाच ताणून उभा राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं, मूत तुंबलं. माझ्या नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, अथणीकडच्या एका वस्तीवर, मीही मालकाच्या सांगण्यावरून मूत्राशयच तपासत बसलो होतो. कुशीला कान लावून आतड्याचा आवाज ऐकायला मला दीड तास उशीर झाला. पहाटे तो घोडा गेला. आतडं पिळलं होतं. लवकर ऐकलं असतं तर वाचला असता असं छातीठोक सांगता येणार नाही, पण तो दीड तास मी विसरलेलो नाही. तेव्हापासून ताणून उभा असलेला घोडा दिसला की माझा कान आधी त्याच्या कुशीला लागतो.

खरी अडचण मूतखड्याची असते, तीही बहुतेक नरांत, कारण त्यांची मूत्रनळी लांब आणि अरुंद. पण त्यात थेंब थेंब गळत राहतं, मागच्या पायांची कातडी ओलीने सोलवटते, पळवून आणल्यावर लघवीत रक्त दिसतं. असं एका संध्याकाळी अचानक सुरू होऊन लीद पडल्यावर थांबत नाही.

पोटदुखीच्या खुणा अशा : पुढच्या पायाने जमीन उकरणं, मान वळवून कुशीकडे बघणं, वरचा ओठ वर गुंडाळणं, बसणं-उठणं, लोळणं, घाम, चंदीला तोंड न लावणं. निरोगी घोडा दिवसाला आठ-दहा वेळा लीद टाकतो. सकाळी तबेल्यात ढीग कमी दिसले तर तीच पहिली सूचना. तुमच्या घोड्याची लीद कोरडी होती, म्हणजे पाणी कमी पडलं होतं. कोरड्या कडब्यावर असलेल्या आपल्याकडच्या घोड्याला रोज पंचवीस-तीस लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात आणि कामाच्या दिवसांत त्याहून जास्त. एकदा बादल्या मोजून बघा, बहुतेक घरांत निम्मंच पडत असतं.

आता मिरचीबद्दल. मूत्रनळीचं आतलं अस्तर डोळ्याच्या आतल्या कातडीइतकं नाजूक असतं. तिथं मिरची लागली की सूज येते, आणि नसलेली अडचण खरीच होऊन बसते. बाटलीनं पाजलेलं तेल सहज श्वासनळीत उतरतं, आणि दोन दिवसांनी जनावर न्यूमोनियानं जातं. डॉक्टर तेल देतात ते नाकातून जठरापर्यंत नळी घालून. त्याच नळीनं जठरातला वायू आणि पाणीही बाहेर काढतात, कारण घोड्याला उलटी होत नाही. आत साठलेलं वर येऊच शकत नाही.

परत झालं तर समोरचं खाणं काढा, पाणी राहू द्या. कुशीच्या खळग्याला दोन्ही बाजूंनी कान लावा. एरवी तिथं गुडगुड चालू असते, पूर्ण शांतता वाईट. खालच्या जबड्याच्या कडेवरून एक शीर जाते, तिच्यावर बोट ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. शांत उभ्या घोड्याचे मिनिटाला 28 ते 44 येतात. साठच्या वर गेले तर उजाडायची वाट बघू नका. हिरडीवर अंगठा दाबून सोडा. दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत यायला हवा. ताप गुदद्वारातून घ्या, 37.5 ते 38.5 सेल्सिअस ठीक. थर्मामीटरला दोरा बांधून दुसरं टोक शेपटीला चिमट्यानं लावा, म्हणजे आत जायचा किंवा पडून फुटायचा नाही. हे आकडे फोनवर सांगितलेत की डॉक्टरला निम्मं निदान तिथंच होतं. 1962 या जनावरांच्या मदत क्रमांकावर फोन करतानाही हेच सांगा.

आपल्या भागाला घोडा नवा नाही. अंकलीहून दर वर्षी माउलींचे अश्व पायी आळंदीला जातात, चिकोडी-रायबागकडे गाड्या पळतात. तरी रात्री घोड्यांची सवय असलेला डॉक्टर पटकन मिळेलच असं नाही. म्हणून ही मोजणी घोडा बरा असतानाच करून त्याचे आकडे गोठ्याच्या दारामागे लिहून ठेवा.

प्रश्न : खानापूर तालुक्यात आमचं घर. पावसाळ्यात घोडीखाली भाताचा पेंढा टाकतो. सकाळी पेंढ्यावर तांबडे-तपकिरी डाग दिसतात. रक्त जात असेल का? घोडी खाते-पिते.

उत्तर : खाते-पिते आहे, तर बहुधा काळजी नाही. घोड्याच्या लघवीतली काही द्रव्यं हवा लागली की तांबूस होतात. त्यामुळे जमिनीवर पडलेला डाग बघून काही ठरवायचं नाही, धार बघायची. पांढरा मग घेऊन थांबा आणि मधली धार त्यात धरा. फिकट ते गडद पिवळी असेल तर ठीक. गढूळ दिसली तरी घाबरू नका. माणसाची गढूळ लघवी म्हणजे आजार, घोड्याची मात्र तशीच असते. त्यात चुन्याचे बारीक कण आणि चिकट स्राव असतो. शेवटची धार तर ताकासारखी येते. तो मग तसाच ठेवून दुपारी पाहा, रंग चढलेला दिसेल.

मगमध्ये पडतानाच लाल किंवा चहासारखी काळपट आली, तर त्याच दिवशी दाखवा. सोबत ताप आणि पिवळट हिरड्या असतील तर गोचिडांमुळे होणारा रक्ताचा आजार असू शकतो. शेपटीच्या मुळाशी, कानात, मांड्यांच्या मध्ये हात फिरवून गोचीड शोधा. आणि उष्ट्या अन्नातला कांदा घोडीला घालू नका, त्यानेही रक्तपेशी फुटतात आणि लघवी काळपट होते.

दिवसभरात पाच-सात वेळा, एकूण अर्धी बादली, हा साधारण हिशेब. माझे वडील बेळगावात टांगा हाकत. स्टेशनसमोरच्या फरशीवर आमची घोडी तासन्‌तास दाबून धरायची, कारण पायांवर शिंतोडे उडालेले घोड्याला आवडत नाहीत. वडील सीटखालून मूठभर पेंढा काढून तिच्या पोटाखाली पसरायचे आणि हळू शीळ घालायचे. ती मागचे पाय ताणायची, पाठ किंचित खाली घ्यायची, कण्हल्यासारखा आवाज काढायची आणि मोकळी व्हायची. तो कण्हण्याचा आवाज दुखण्याचा नव्हे. टेम्पोतून घोडा नेताना हे लक्षात ठेवा; लोखंडी फळीवर तो मुतणार नाही, खाली पेंढा हवाच.

प्रश्न : घोडी दर थोड्या वेळानं जराजरा मुतते, शेपूट बाजूला धरते. उन्हाळी लागली का? (हुक्केरी)

उत्तर : माजावर आहे. पाच-सात दिवसांत थांबेल. त्यानंतरही चालू राहिलं किंवा जोर करायला लागली तर दाखवा.

प्रश्न : लग्नाच्या वरातीचा घोडा. आठवडाभर काम नव्हतं, चंदी मात्र रोजचीच. वरातीत अर्ध्या तासात घामानं भिजला, मागचे पाय आखडले, पाऊल उचलेना. नंतर लघवी कॉफीसारखी झाली. आम्ही चालवत घरी आणला. आता बरा आहे. (निपाणी)

उत्तर : बरा झाला हे मोठं नशीब. बसून पूर्ण चंदी खाल्लेल्या घोड्याला एकदम कामाला जुंपलं की मांडीचे आणि पुठ्ठ्याचे स्नायू फुटतात. त्यातलं रंगद्रव्य मूत्रपिंडातून बाहेर पडतं म्हणून लघवी कॉफीसारखी होते, आणि जाता जाता ते मूत्रपिंडालाही इजा करतं. घाम आणि पायाने जमीन उकरणं बघून पोटदुखी वाटते. पुठ्ठ्यावर हात ठेवा, लाकडासारखा कडक लागला तर हेच. पोटदुखीत घोड्याला सावकाश फिरवलं तर चालतं, इथं एक पाऊलही चालवायचं नाही. आहे तिथंच उभा करा, पाणी पाजा, डॉक्टरला बोलवा. दुखण्याचं इंजेक्शन स्वतः देऊ नका. अंगातलं पाणी आटलेलं असताना ते मूत्रपिंडावरच उलटतं.

एकदा झालं की पुन्हा होऊ शकतं. काम नसलेल्या दिवशी चंदी निम्म्याहून कमी करा, गवत-कडबा भरपूर घाला आणि सकाळ-संध्याकाळ अर्धा तास हाताने फिरवा. वरातीच्या दिवशी वाजंत्री सुरू होण्याआधी पंधरा मिनिटं त्याला नुसता चालवून आणा.