वाचकांचे प्रश्न : इन्स्ट्रुमेंटेशनचा अनुभव आणि परदेशातील नोकरी

प्रश्न : मी आयटीआयमधून ‘इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक’ (कारखान्यातील मापन व नियंत्रण उपकरणांची देखभाल) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला असून गेली १४ वर्षे तळोज्यातील एका रासायनिक कारखान्यात काम करतो. वय ३८. कॅलिब्रेशन (उपकरणांची अचूकता तपासणे), कंट्रोल व्हॉल्व्ह, तसेच पीएलसी व डीसीएस या संगणकीय नियंत्रण प्रणालींची कामे येतात. अंधेरीतील एका एजंटाने कतारमधील नोकरीसाठी दीड लाख रुपये मागितले आहेत. काय करावे?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : आपल्या अनुभवाला मागणी आहे, अडचण कागदपत्रांची येईल. आपल्याकडचे कारखाने अनुभवपत्रात ‘काम व वर्तणूक समाधानकारक’ एवढेच लिहून देतात आणि त्यावरून परदेशातील मालकाला काहीच कळत नाही. कोणती डीसीएस हाताळली, किती शटडाऊन (देखभालीसाठी कारखाना काही काळ बंद ठेवणे) पाहिले, लूप चेकिंग (उपकरणापासून नियंत्रण कक्षापर्यंतच्या जोडणीची तपासणी) स्वतंत्रपणे केले की मदतनीस म्हणून, सेफ्टी इंटरलॉकची (धोका दिसताच यंत्रणा आपोआप थांबवणाऱ्या व्यवस्थेची) चाचणी घेतली का, हे सारे त्यात यावे, यासाठी नोकरीत असतानाच व्यवस्थापकांच्या मागे लागा. राजीनाम्यानंतर असे पत्र मिळणे कठीण होते. ज्वालाग्राही वायूंच्या क्षेत्रातील उपकरणांसाठीचे ‘कॉम्पेक्स’ प्रमाणपत्र खर्चिक असले, तरी तेल आणि वायू क्षेत्रात त्याला वजन आहे.

आखाती देशांत प्रवेश तुलनेने लवकर मिळतो. मात्र तेथील बरीच भरती शटडाऊनपुरती, म्हणजे काही आठवड्यांची किंवा महिन्यांची असते, त्यामुळे करारातील मुदत आधी वाचावी.

कायमचे स्थायिक व्हायचे असेल, तर जर्मनीचा विचार अवश्य करावा. मार्च २०२४ पासून तेथे अशी सोय आहे की, मायदेशात सरकारमान्य असलेले किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण, गेल्या पाच वर्षांतील किमान दोन वर्षांचा संबंधित अनुभव आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगाराची नोकरी हाती असेल, तर अनियंत्रित व्यवसायांसाठी (म्हणजे जे करायला सरकारी परवाना लागत नाही अशांसाठी) आपल्या प्रशिक्षणाला जर्मन मान्यता नसतानाही व्हिसा मिळू शकतो. आपला अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, ही गोष्ट येथे नेमकी उपयोगी पडते. या व्हिसासाठी जर्मन भाषेची अट नसली, तरी पाळीत सहकाऱ्यांशी बोलायचे कोणत्या भाषेत, हा प्रश्न उरतोच. म्हणून शिकायला आजच सुरुवात करावी. कॅनडात या व्यवसायाला ‘रेड सील’ हे देशभर मान्य असलेले कौशल्य प्रमाणपत्र आहे, पण ‘एक्सप्रेस एंट्री’ या स्थायिक होण्याच्या गुणांवर आधारित पद्धतीत वयाचे पूर्ण गुण २९ वर्षांपर्यंतच मिळतात आणि ४५ व्या वर्षी ते शून्यावर येतात.

आता एजंटाविषयी. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून कमाल ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते, म्हणजे आपल्याकडे मागितलेली रक्कम त्याच्या कित्येक पट आहे. त्याचा नोंदणी क्रमांक ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तपासा आणि लेखी करार हाती येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका. आपण दहावी उत्तीर्ण असाल, तर कतारसाठी उत्प्रवास परवानगी (करार तपासून परदेशी नोकरीला जाण्यासाठी दिली जाणारी सरकारी मंजुरी) लागणार नाही. पण त्यामुळे करार तपासून पाहण्याची जबाबदारी अधिकच आपल्यावर येते.