खापरावर पोर्तुगीज पाव?

प्रश्न : माझ्याकडे ओव्हन नाही. मदेइरा बेटावरचा रताळ्याचा पाव, 'बोलो दो काको', पुरणपोळीच्या खापरावर करून पाहिला. बाहेरून करपला, आत कच्चा. काय चुकलं? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, कल्पना झकास, भांडं चुकलं. 'काको' म्हणजे बसाल्टची सपाट लादी. आपलं खापर घुमटासारखं. त्यावर मांडा पसरतो, जाड पाव नाही. भाकरीचा जाड लोखंडी तवा घ्या. पाव किलो मैद्याला मी 100 ग्रॅम उकडलेलं रताळं घेते. ते गरम असतानाच कुस्करा, पण यीस्ट मात्र लगदा पार निवल्यावर. नाहीतर यीस्ट मरतं. पाणी बेतानं, रताळ्यातच भरपूर असतं. आणि आपल्या मे महिन्यात पीठ तासाभरातच फुगतं. दोन तास धरून बसलात की आंबूस वास आलाच! माझी पहिली खेप गायीला गेली.

दोन बोटं जाडीचे गोल थापा. मंद आचेवर दोन्ही बाजूंनी सात-आठ मिनिटं शेका, मग उभे धरून कडा फिरवा. तिकडे गरमच चिरून लसूण-लोणी लावतात. आमच्याकडे मात्र भरताबरोबर संपले.