शब्दशंका : भाड्याचा घोडा

प्रश्न : एका इंग्रजी परीक्षणात कादंबरीच्या कथानकाला ‘हॅकनीड’ म्हटलंय. माझ्या छोट्या कोशात ‘जुनापुराणा’ एवढाच अर्थ सापडला. मग जुन्या घड्याळालाही हॅकनीड म्हणायचं का? आणि ‘डेरिव्हेटिव्ह’ म्हणजे तेच ना?

उत्तर : घड्याळाला नको. कोशाला मात्र नावं ठेवत नाही, कारण मीही तिथेच घसरलो होतो. अनुवादाची कामं नुकती घ्यायला लागलो होतो, तेव्हा ‘हॅकनीड प्लॉट’चं ‘जुनं कथानक’ करून मोकळा झालो. संपादकबाईंनी ‘जुनं’भोवती लाल गोल काढला आणि समासात लिहिलं, ‘जुनं, की झिजलेलं?’

मोठा कोश उघडला तर शब्दाच्या मुळाशी घोडा निघाला! हॅकनी हे एके काळचं गाव, आता लंडनमध्येच आलेलं. तिथल्या कुरणांतल्या घोड्यांवरून शब्द पडला असावा, असं मानतात. हॅकनी म्हणजे साध्या सवारीचा घोडा, पुढे भाड्याचा. आज एकाची मांड, उद्या दुसऱ्याची. लंडनच्या टॅक्सीला सरकारी कागदांत अजूनही ‘हॅकनी कॅरेज’ म्हणतात. पैशासाठी पडेल ते लिहिणारा ‘हॅक’ही त्याच तबेल्यातला.

तेव्हा इथे वय बघायचं नाही, वापर बघायचा. शेकडो वर्षांची कविता ताजी असू शकते आणि गेल्या महिन्यातला विनोद आज हॅकनीड. हे विशेषण लागतं ते वाक्प्रचार, उपमा, विनोद, कथानक असल्या गोष्टींना. घड्याळाला, कपाटाला नाही. माणसालाही सहसा नाही.

‘डेरिव्हेटिव्ह’ची तक्रार वेगळी. तिथे उसनवारी कुणाकडून केली ते ओळखू येतं; दोन पानं वाचली की मूळ लेखक मागून डोकावतो. हॅकनीड मालाला मालकच उरलेला नसतो. ‘ट्राइट’ मात्र हॅकनीडचा सख्खा शेजारी, लॅटिनमधल्या ‘घासणे’ या क्रियापदावरून आलेला. आपलं ‘घासून गुळगुळीत’ त्याला नेमकं बसतं.

हॅकनीडला मराठीत मी एकच शब्द ठेवत नाही. उपमा असेल तर ‘गुळगुळीत’, विषय किंवा कथानक असेल तर ‘चावून चोथा झालेलं’. ‘घिसापिटा’ मला हिंदीतच बरा वाटतो. ‘पिष्टपेषण’ छान आहे, दळलेलं पीठ पुन्हा दळणं. पण ते त्या उद्योगाचं नाव, विशेषण नव्हे.

मी शेवटी ‘चोथा झालेलं कथानक’ केलं आणि बाईंनी ते राहू दिलं. त्याच पानावर, चार ओळी खाली, माझ्याच हातून ‘डोळ्यांच्या कडा ओलावल्या’ उतरलं होतं. त्यावर गोल नव्हता, सरळ काट मारली होती.