विक्री वाढली, मग पैसा कुठं गेला?

"डायरीत बघा की, विक्री वाढलीया. मग पैसा जातोय कुठं?"

कोल्हापुरात घरगुती चटणीचा (बाहेरगावी तिला कांदा-लसूण मसाला म्हणतात) धंदा करणाऱ्या एका ताई ऑक्टोबरच्या सुरुवातीला हा प्रश्न घेऊन आल्या. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. पाडव्याला त्यांनी ध्येय ठरवलं होतं, वर्षात साडेसहा लाखांची विक्री. एप्रिल ते सप्टेंबर 3,24,000 झाली, म्हणजे जवळपास निम्मी. तरी मिरचीवाल्याची बाकी फिटेना. रोज रात्री मोबाइलवर खात्यातली शिल्लक बघायची आणि जागं राहायचं. "माझ्याच हाताला बरकत न्हाई," हे त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

बरकतीचा विषय बाजूला ठेवला आणि पावत्या मागवल्या.

मिरची महागली म्हणून किलोचा दर त्यांनी 500 वरून 600 रुपये केला होता. त्यामुळे गल्ला फुगला, माल मात्र कमी गेला. गेल्या वर्षी याच सहा महिन्यांत 600 किलो, यंदा 540. तुलना करायची ती याच महिन्यांशी. मिरचीची मोठी खरेदी उन्हाळ्यात एकदाच होते, तेव्हा मे महिन्यातली शिल्लक सप्टेंबरशी ताडून काहीच कळत नाही.

खरी गोम किलोमागच्या खर्चात होती. एका घाण्याला मिरची, कांदा, लसूण, खोबरं, धणे धरून 60 किलो कच्चा माल, आणि कांडप, पाकिटं, रिक्षा, स्वतःची व जावेची मजुरी मिळून खर्च 23,760 रुपये. ताई 60 ने भागायच्या, 396 यायचे. किलोला 204 सुटतात असा हिशेब. पण मिरचीचे देठ जातात, कांदा भाजून निम्म्याहून खाली येतो, थोडी चटणी डंकालाच, म्हणजे कांडपाच्या यंत्रालाच, चिकटते. तयार माल तोलला तर भरला 48 किलो. म्हणजे खर्च 495, सुटतात 105. गेल्या वर्षीचा हिशेब याच रीतीने मांडला तेव्हा किलोला 120 निघाले. तेव्हा सहा महिन्यांत 72,000 सुटले, यंदा 56,700. विक्री 24,000 ने वर, कमाई 15,300 ने खाली! त्यात दुकानदारांकडे 41,000 अडकलेले. पैकी 29,000 दोघांकडेच.

हे कळल्यावर ताई रडल्या नाहीत, उलट मोकळ्या झाल्या. दोष नशिबाचा नव्हता, भागाकाराचा होता.

ध्येय बदललं: मार्चअखेर किलोला किमान 120 सुटले पाहिजेत, आणि गेल्या वर्षीइतके किलो गेले पाहिजेत. त्यासाठी वहीचं एक पान, रविवारी सकाळी भरायचं. किती किलो गेले, किती रोकड आली, कुणाकडे किती येणं आणि किती दिवसांचं, तयार माल किती शिल्लक. पाचवा आकडा फक्त कांडप झाल्यावर: एकूण खर्च भागिले तोललेला तयार माल. रोज रात्री खातं बघणं बंद. रोजचा आकडा धंद्याचा कल दाखवत नाही, जीव तेवढा टांगतो.

200 ग्रॅमचं पाकीट 120 वरून 125 रुपये केलं. किलोला 25 रुपये त्यातूनच वाढले. दोन थकबाकीदार दुकानांना जुनं बिल दिल्याशिवाय नवा माल नाही. रंग देणारी ब्याडगी मिरची कमी करून तिखट लवंगी वाढवायची, असंही त्यांच्या डोक्यात होतं. ते नको म्हटलं. रंग उतरला की कोल्हापूरचं गिऱ्हाईक तोंडावर सांगत नाही, गुमान दुसरीकडं जातं.

तिसऱ्याच रविवारी पान कोरं राहिलं. चौथ्याला दोन्ही आठवड्यांचे आकडे आठवून लिहिले, आणि शिल्लक माल 9 किलोंनी जुळेना. हे बहुतेकांचं होतं. मग वही कपाटातून काढून काट्याशेजारी खिळ्याला टांगली, आणि पाकीट गेलं की तिथंच रेघ मारायची ठरली. रविवारी फक्त रेघा मोजायच्या.

डिसेंबरअखेर किलोचा खर्च 508 वर गेला होता, तरी 625 च्या दराने किलोला 117 सुटत होते. दोघांपैकी एका दुकानदाराने बाकी चुकती केली, दुसऱ्याने माल घेणं थांबवलं. त्या तुटलेल्या गिऱ्हाइकाचं ताईंना वाईट वाटलं. "महिन्याला 12 किलो जायचे ओ तिथं," त्या म्हणाल्या. वही उघडून त्याच्याकडचे पैसे किती दिवसांनी यायचे ते पाहिलं. 74 दिवस.